आठवं पाणी

लिमात पाऊस पडत नाही.
गारुआ येतो, समुद्रावरून पायी पायी.
धुकं म्हणावं तर ओलं, पाऊस म्हणावं तर आवाज नाही.
पार्कातल्या जुन्या ऑलिव्हच्या झाडांवर
तो दमून बसून राहतो.

आमचं घर पार्कासमोर.
आमचं म्हणजे दोन्या लेओनोरचं.
तिच्या पाच खिडक्यांत झाडं मावतात,
माझ्या एका खिडकीत शेजारच्या इमारतीची भिंत
आणि भिंतीवरचा एक पाइप.
एकवीस वर्षांत पाइपाशीही ओळख होते.

इथे कुणी मोठ्यानं बोलत नाही.
गाड्यांची दारंसुद्धा शिकवल्यासारखी मिटतात.
शांतता रोज सकाळी झाडून घेतात, तिच्यावर पाणी मारतात,
रात्री एउसेबियो तिची राखण करतो
खोक्याएवढ्या चौकीत,
शिट्टी गळ्यात, रेडिओ पायाशी,
इतका बारीक की गाणं फक्त त्याच्या गुडघ्याला ऐकू जावं.

मे महिन्यात ऑलिव्हं काळी पडतात आणि गळतात.
फरशीभर जांभळे डाग.
रहिवासी मंडळाचं पत्र फिरतं:
बूट खराब होतात, कुत्र्यांचे पाय माखतात,
पालिकेनं लक्ष घालावं.
पालिका लक्ष घालते.
फळं वेचायला मनाई आहे,
चिरडायला नाही.

दूकेला घेऊन मी सहाला निघते.
म्हातारा कुत्रा, प्रत्येक बुंध्याशी त्याची जुनी चौकशी.
तो थांबतो तेवढ्यात मी वाकते.
इथे चार, तिथे सात.
अ‍ॅप्रनचा खिसा जड होत जातो.
एउसेबियो बघतो, आणि लगेच
आभाळात काहीतरी महत्त्वाचं शोधू लागतो.
आभाळात काय असतं इथे?
राखाडी, आणि त्याच्यावर राखाडी.

झाडावरचं ऑलिव्ह कडूजहर.
आमच्या याउकाच्या दरीत पोरंही हे जाणतात:
कडूपणाशी भांडायचं नाही,
पाणी बदलत राहायचं.

गच्चीवर, कपडे धुवायच्या दगडामागे माझी बरणी.
चीर द्यायची, बुडवायचं,
पाणी काळं झालं की ओतायचं, पुन्हा नवं.
आठव्या पाण्यानंतर मीठ.
मग वाट बघायची.
ते मला येतं. त्याचाच तर पगार मिळतो.

सप्टेंबरात दोन्याकडे जेवायला माणसं आली.
एक निवृत्त राजदूत, दोघी विधवा बहिणी,
कुठल्याशा बँकेतला भाचा.
दुकानातली ऑलिव्हं संपली होती.
(संपली नव्हती.)
मी बशीत माझी ठेवली, वर चिरलेला कांदा, लिंबू.

राजदूतांनी डोळे मिटले.
बी बराच वेळ तोंडात घोळवली.
'लेओनोर, ही कुठून मिळवलीस?'

दोन्यानं माझ्याकडे पाहिलं.
इतका वेळ तिनं मला कधी पाहिलं नव्हतं.
मी हात अ‍ॅप्रनखाली घेतले.

'ताक्नाहून,' ती म्हणाली.
'माझा एक माणूस आहे तिथे.'

भांडी घासत होते तेव्हा
ती स्वयंपाकघराच्या दारात आली,
जिथे ती येत नाही.
बशी पुढे ओढली. उभ्यानंच तीन खाल्ली.
बिया मुठीतच राहिल्या,
स्वतःच्या घरात कचऱ्याचा डबा कुठे असतो
तिला माहीत नव्हतं.

'कुठल्या झाडाची?'

'तुमच्या मधल्या खिडकीतून दिसतं ना,
वाकलेलं. त्याची.'

ती गेली.
खिडकी उघडल्याचा आवाज आला.
मिटल्याचा, मी बरीच भांडी घासली तरी, आला नाही.

बाहेर एउसेबियोची शिट्टी, एकदाच, हलकी:
सगळं ठीक आहे.

मी वर जाऊन बरणी हलवून पाहिली.
अजून पाव भरली आहे.